भरवसा नेमका कशावर? एका छोट्या पिस्तुलाचे उदाहरण

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ म्हणजे काय ते पाहिलं. आज जरा वेगळं उदाहरण घेऊ. साध्या वेशातल्या पोलिसाला लपवून बाळगता येईल असं छोटं पिस्तूल लागतं. ते ऐन वेळी अडलं तर जिवाशी गाठ. मग ते ‘भरवशाचं’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चाचणीत जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेच्या कोल्ट पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या. ते एकदाही अडलं नाही. त्याची नळी पाच इंची. १९८५ मध्ये त्याच घराण्यातलं साडेतीन इंची नळीचं पिस्तूल आलं. रचना तीच, म्हणून भरवसाही तोच? तसं नसतं, बरं का.

गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. स्लाइड आखूड केली की तिचं वजन घटतं, मागे जायचं अंतरही घटतं. म्हणून स्प्रिंग कडक लावावी लागते. सगळा खेळ घाईत उरकतो. तेवढ्यात काडतूस वर आलं नाही, तर स्लाइड रिकामीच पुढे जाते. पुंगळी वेळेत सुटली नाही, तर तिथेच अडकते. मनगट सैल पडलं, तर सबंध पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडची मागची धाव अपुरी राहते.

मग दोष कुणाचा? आपले नैयायिक सांगतात, कार्य एकट्या कारणाने घडत नाही, कारणसामग्रीने घडतं. इथली सामग्री म्हणजे पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात. मोठ्या पिस्तुलात एकाची कसर दुसरा भरून काढतो. छोट्यात तेवढी सवड नसते.

कुणी म्हणेल, “३०० गोळ्या झाडल्या, एकदाही अडलं नाही, झालं की!” संख्याशास्त्र म्हणतं, थांबा. यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडण्याचं प्रमाण शंभरात एकाहून जास्त नसावं. तेही त्याच काडतुसाबाबत, त्याच हाताबाबत. काडतूस बदललं की सामग्री बदलली. मोजणी पुन्हा एकपासून.

तेव्हा भरवसा हा वस्तूचा सुटा गुण नव्हे. तो सगळ्या सामग्रीचा मेळ आहे, आणि तो तपासावा लागतो. पुढच्या वेळी आपण व्याप्तीकडे वळू.