शेततळ्यातून बाहेर का येता येत नाही?



बेलापूर म्हटले की पुष्कळांना नवी मुंबई आठवते. मी सांगतो आहे ते बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांवर आमच्याकडचा ऊस उभा राहिला. परंतु कालव्याला पाणी आवर्तनाने येते. मधल्या दिवसांची सोय म्हणून शेतकरी शेततळे खोदतो. पाणी जमिनीत मुरू नये यासाठी त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली, तेव्हापासून अशी तळी गावोगावी दिसू लागली.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांचे तळे पाहायला गेलो होतो. काठावरून वाकून पाहताना पाय घसरला आणि मी पाण्यात गेलो. मी लहानपणी प्रवरेत पोहायला शिकलेला माणूस, त्यामुळे घाबरलो नाही. चार हात मारून काठाशी आलो, पाय टेकला, आणि सरळ मागे घसरलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. काठ हाताच्या अंतरावर होता, पण धरायला काही नव्हते. पाच-सहा प्रयत्नांत दम संपला. पंपाजवळच्या गड्याने दोर टाकला म्हणून आज हा लेख लिहीत आहे. वर्गात वीस वर्षे उतरणीवरचे घर्षण शिकवणाऱ्या माणसाला ते खरे कळले त्या दिवशी!

उतरणीचे गणित

अशा तळ्याच्या बाजू तिरक्या असतात. समजा, दर १ मीटर खोलीला बाजू दीड मीटर आत सरकते. म्हणजे चढाचे प्रमाण १ भागिले १.५, सुमारे ०.६७ झाले. उतरणीवर ठेवलेली वस्तू घसरणार की थांबणार हे दोन संख्यांवर ठरते: एक हे चढाचे प्रमाण आणि दुसरा दोन पृष्ठभागांमधला घर्षणांक. घर्षणांक मोठा असेल तर वस्तू थांबते, लहान असेल तर घसरते.

कोरड्या, खडबडीत मातीवर घर्षणांक ०.७ च्या आसपास असला, तर पाऊल टिकते. ओल्या प्लॅस्टिकवर मात्र पाऊल आणि कागद यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. त्यावर शेवाळ धरले की बुळबुळीतपणा आणखी वाढतो. येथे घर्षणांक ०.२ धरू.

आता २० किलोग्रॅम वजनाचे मूल या उतरणीवर आहे असे समजा. त्याला खाली ओढणारे बल सुमारे ११ किलोग्रॅम-भार येते. उतरणीला लंब दिशेने तो सुमारे १६.६ किलोग्रॅम-भाराने दाबतो, म्हणून घर्षण मिळते त्याच्या ०.२ पट, जेमतेम ३.३. ओढ ११ आणि अडवणूक ३.३! मूल घसरणारच.

तुम्ही म्हणाल, मूल हलके असते, मग ते सहज चढेल. तसे नाही. वजन निम्मे केले तर ओढ निम्मी होते आणि घर्षणही निम्मे होते. म्हणून लहान मूल असो की पहिलवान, निसरडा काठ दोघांनाही सारखाच.

पण याच गणितात सुटकेचा मार्गही आहे. ११ मधून ३.३ वजा करा. उरतात सुमारे ८. म्हणजे मुलाच्या हाती दोर आला, तर त्याला दोरावर केवळ ८ किलोग्रॅम-भार पेलावा लागेल. एवढे बळ शाळकरी मुलाच्या हातात असते. जीव आणि मृत्यू यांच्यामध्ये येथे एक गाठी मारलेला दोर आहे.

करून पाहा

घरातील एका फळीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा. त्यावर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागले की थांबा. फळीच्या उचललेल्या टोकाची उंची आणि फळीखालच्या पायाची लांबी मोजा. उंचीला पायाने भागा. आलेली संख्या म्हणजेच घर्षणांक. आता कागदावर साबणाचे पाणी पसरून पुन्हा मोजा. दोन्ही संख्या वहीत शेजारी शेजारी लिहा. हा प्रयोग घरातच करायचा, तळ्यावर नव्हे!

डोळ्यांची फसवणूक

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने वरून सरळ पाहिले असता तळ खऱ्या खोलीच्या पाऊण अंतरावर दिसतो. ३ मीटर खोल पाणी सव्वादोन मीटर भासते. काठावर उभे राहून तिरके पाहिले तर याहूनही उथळ वाटते. म्हणून ‘एवढेसे तर पाणी आहे’ या अंदाजावर विश्वास ठेवू नका.

दुसरी फसवणूक आवाजाची. बुडणारा माणूस हात हलवून ओरडेल, अशी आपली समजूत असते. पण माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. छाती हवेने भरलेली असतानाही शरीराचा अगदी थोडा भाग पाण्यावर राहतो. एका हाताचा भार शरीराच्या सुमारे विसाव्या भागाइतका असतो. तो हात पाण्याबाहेर काढला की त्याला मिळणारे उत्प्लावक बल नाहीसे होते आणि तोंड पाण्याखाली जाते. श्वासच घेता येत नाही, तर ओरडणार कसे? पाण्यात पडलात तर हात पाण्यातच ठेवा, उताणे व्हा आणि तोंड आकाशाकडे करा.

अगदी लहान मुलांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. यामागेही भौतिकशास्त्र आहे. नवजात बालकाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे असते, प्रौढाचे आठव्या हिश्श्याएवढे. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावले की डोक्याच्या भाराने उलटते, आणि स्वतःला सावरण्याचे बळ त्याच्या हातांत नसते. त्याला तळेच लागते असे नाही. न्हाणीघरातली बादली, अंगणातला उघडा हौद, गुरांचे पाण्याचे टाके पुरेसे होते. वापर झाला की बादली रिकामी करावी आणि हौदावर जड झाकण ठेवावे.

तुम्ही काय कराल?

ऊसतोडीच्या किंवा कांदा लागवडीच्या दिवसांत मोठी माणसे कामात असतात आणि ‘धाकट्याकडे लक्ष ठेव’ असे तुम्हालाच सांगितले जाते. म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे.

घरी तळे असेल तर वडिलांशी बोला. तळ्याभोवती छातीएवढ्या उंचीचे, लहान मूल शिरणार नाही असे जाळीचे कुंपण हवे. फाटक आपोआप मिटणारे असावे. चारही काठांवर पक्क्या खांबांना नायलॉनचे दोर बांधून ते तळापर्यंत सोडावेत आणि त्यांना हात-हात अंतरावर गाठी माराव्यात. उन्हाने दोर कुजतो, म्हणून तो दरवर्षी तपासावा. जवळ बूच घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधून टांगावा. तो सुमारे ५ किलोग्रॅम-भार पेलतो. बाकीचे शरीर पाणीच तोलत असल्याने तोंड वर ठेवायला तेवढा पुरतो.

कोणी बुडताना दिसले तर स्वतः उडी मारू नका. एकाला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, अशा बातम्या आपण वाचतो; कारण तोच काठ दुसऱ्यालाही चढू देत नाही. मोठ्याने हाका मारा, दोर किंवा कॅन टाका, बांबू पुढे करा, तोही आडवे पडून. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. जाणत्या माणसाने लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटेच तग धरतो.

आणि शेवटचे. धाकटे भावंड दिसेनासे झाले तर घर, गोठा, शेजार नंतर शोधा. आधी पाण्याकडे धावा. ते दुसरीकडे खेळत असेल तर तुमची धावपळ फुकट जाईल, एवढेच. ती तशी रोज फुकट जावो.