नांदगाव रोडवर गाडी थांबते तेव्हा...

नांदगाव रोड स्टेशनात गाडी थांबली की मुलांना विचारा, हा मार्ग कोणी बांधून घेतला? १९९० साली ई. श्रीधरन कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. 'आधी केले, मग सांगितले' ही म्हण त्यांना शोभते. १९६४ च्या वादळात मोडलेला पांबन पूल त्यांनी ४६ दिवसांत उभा केला, मुदत सहा महिन्यांची असताना! त्यांना भावणारा विचार योगवासिष्ठातला: काम आपलं, कर्तेपण आपलं नव्हे. मला हेच सगळ्यात कठीण वाटतं. आपण मॉनिटर नेमतो, तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, आणि त्याला आपण नेतृत्व म्हणतो! त्यापेक्षा त्याला खिचडी वाढायला द्या. शेवटच्या मुलाला पुरेल ना, हे तो आपसूक बघायला लागतो.