कर्नलच्या पोटात – लेखांक ९ : घेतलेलं परत कोणी करायचं?

मागच्या लेखांकात कर्नल मेमरीचे तुकडे कसे वाटतो ते पाहिलं. वाटलेला तुकडा परत कधी घ्यायचा, हा प्रश्न तिथे मुद्दाम बाजूला ठेवला होता. वस्तूचा मालक एकच असेल तर तो प्रश्न पडत नाही. काम संपलं की मालकाने ती मोकळी करावी. पण उघडलेली फाइल, नेटवर्कचं कार्ड, यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह यांना कर्नलमध्ये एकच एक मालक नसतो. फोर्क झाल्यावर तीच उघडी फाइल दोन प्रोसेसच्या हातात असते. पेनड्राइव्ह उपटला गेला तरी त्यावर लिहायला निघालेलं कोणीतरी अजून वाटेत असतं.

अशा प्रत्येक वस्तूला कर्नल एक आकडा चिकटवतो. वापरायला घेतली की आकडा एकने वाढवायचा ('गेट'), सोडली की एकने कमी करायचा ('पुट'), शून्यावर आला की मेमरी मोकळी. हाच रेफरन्स काउंट, बोलीभाषेत रेफकाउंट. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही युक्ती १९६० साली याद्यांच्या हाताळणीसाठी मांडली होती. युनिक्सच्या फाइलव्यवस्थेतही तीच आहे: 'एलएस -एल' ही आज्ञा दिल्यावर दुसऱ्या रकान्यात दिसणारा आकडा म्हणजे त्या फाइलीला किती नावं आहेत त्याची मोजणी. अवाढव्य लॉग फाइल पुसूनही डिस्क रिकामी होत नाही, हा अनुभव सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना असेल. तिथे नावं शून्य झालेली असतात, पण एखादी प्रोसेस फाइल उघडी धरून बसलेली असते.

वाढवणं आणि घटवणं, दोन्ही एकेका ओळीची कामं. तरीही लिनक्समध्ये या मोजणीचे बग दुरुस्त करणारे पॅच वर्षानुवर्षं येतच आहेत. कारण चूक सहसा सरळ वाटेवर नसते. उपकरण जोडलं, चाललं, काढलं, ही वाट सगळे तपासतात. तिसऱ्या पायरीवर मेमरी मिळाली नाही म्हणून फंक्शन मधूनच परतलं तर पहिल्या दोन पायऱ्यांवर घेतलेलं कोणी सोडायचं? त्या आडवाटेवर कोड क्वचितच चालतो आणि त्याची चाचणी त्याहून क्वचित होते.

अशा एका आडवाटेची किंमत जानेवारी २०१६ मध्ये सगळ्यांना कळली. लिनक्समध्ये प्रोसेससाठी चाव्या आणि टोकन ठेवायला 'कीरिंग' नावाची सोय आहे. एखाद्या प्रोसेसने नाव देऊन कीरिंग मागितली की कर्नल ती शोधतो आणि शोधताना तिचा रेफकाउंट वाढवतो. मग त्याच्या लक्षात येतं की हीच कीरिंग या प्रोसेसकडे आधीपासून आहे, म्हणजे करण्यासारखं काही नाही. तो यशस्वी म्हणून परततो, पण वाढवलेला एक कमी करायचा राहून जातो. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून ही चूक तिथे होती.

एक वाढला, त्यात काय मोठंसं? वस्तू कधीच मोकळी होणार नाही, थोडी मेमरी वाया जाईल. पण तो आकडा ३२ बिटांचा होता. तीच मागणी ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वेळा केली की आकडा पूर्ण फेरी मारून शून्यावर येतो. कीरिंग वापरात असतानाच कर्नल तिची मेमरी मोकळी करतो, हल्लेखोर त्याच जागी स्वतःचे बाइट ठेवतो आणि कर्नल त्यांना कीरिंग समजून त्यातल्या पत्त्यावर उडी मारतो. साधा वापरकर्ता रूट होतो. हा बग शोधणाऱ्या पर्सेप्शन पॉइंट या कंपनीने दाखवलेल्या प्रयोगात लॅपटॉपच्या आय-७ प्रोसेसरवर ही फेरी पूर्ण व्हायला सुमारे अर्धा तास लागला. दुरुस्ती होती एका ओळीची: परतण्यापूर्वी कीरिंग सोडा.

माझ्या मते त्या एका ओळीपेक्षा पुढच्या वर्षी जे घडलं ते महत्त्वाचं. तोवर रेफकाउंट म्हणून सर्रास साधा अणुपूर्णांक (ॲटॉमिक इंटिजर) वापरला जाई. २००४ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आणलेल्या 'केरेफ'च्या आतही तोच होता. अणुपूर्णांकाला आपण काय मोजतोय याची कल्पना नसते. तो शून्यावरून एकवर जातो, कमाल आकड्यावरून शून्याकडे जातो, काहीही तक्रार करत नाही. एप्रिल २०१७ मधल्या ४.११ आवृत्तीत पीटर झायल्स्ट्रा यांनी 'रेफकाउंट-टी' हा वेगळा प्रकार आणला. मूळ कल्पना पॅक्स या सुरक्षा-पॅचमधली. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो तिथेच गोठतो, पुन्हा कधी शून्य होत नाही. वस्तू कायमची अडकते, मेमरी गळते आणि लॉगमध्ये इशारा उमटतो. गळती परवडली, पण मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर नको, असा हा सौदा आहे.

मग सुरू झालं खरं काम: शेकडो ठिकाणचे अणुपूर्णांक बदलणं. एलेना रेशेतोव्हा, केस कुक आणि इतरांनी ते अंगावर घेतलं. नेटवर्किंगवाल्यांनी वेगाचा मुद्दा काढला. तो रास्तच होता, कारण तिथे प्रत्येक पॅकेटमागे मोजणी होते आणि पहिली रचना मंद होती. २०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ मध्ये विल डीकन यांची सुटसुटीत रचना सगळीकडे लागू झाली, तेव्हा तो वाद निवला. दुसरी अडचण अधिक खोल होती. शून्य म्हणजे 'वस्तू मेली' असं नवा प्रकार धरून चालतो, पण काही जुन्या कोडमध्ये शून्याचा अर्थ 'सध्या कोणी वापरत नाही, तरी कॅशमध्ये राहू दे' असा आहे. फाइलीची माहिती ठेवणाऱ्या आय-नोडची मोजणी अशीच चालते. तिथे नुसता प्रकार बदलून भागत नाही, आकड्याचा अर्थच बदलावा लागतो.

आता विजेच्या हिशेबाकडे येऊ. लिनक्समधलं उपकरण वापरात नसलं की झोपवतात, आणि ते किती जणांना हवंय याचीही मोजणी असते. जागं करणारं जुनं फंक्शन होतं 'पीएम-रनटाइम-गेट-सिंक'. उपकरण जागं झालं नाही तर ते त्रुटीचा कोड परत देई, पण आकडा मात्र वाढवलेलाच राही. 'मागितलं, मिळालं नाही, आलो परत' असा विचार करणारा शहाणा प्रोग्रॅमर इथे हमखास फसे, आणि मग ते उपकरण पुन्हा झोपत नसे. दस्तऐवजात नियम लिहिलेला होता, तरी ड्रायव्हरमागून ड्रायव्हर चुकत राहिले. अखेर २०२० च्या शेवटी ५.१० मध्ये 'पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट' आलं: अपयश आलं तर स्वतःच आकडा मागे घेणारं. एकाच जागी सगळे अडखळत असतील तर दोष जागेचा असतो. कर्नलवाल्यांनी हे मान्य करायला मात्र बराच वेळ घेतला.

याच्या उलट प्रकारही आहे. डिव्हाइस-ट्री म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी झाडासारखी रचना. तिच्यातला नोड शोधणारी काही फंक्शन सुरुवात कुठून करायची म्हणून एक नोड घेतात आणि जाता जाता तो आपणच सोडून देतात. बाहेरून वाचणाऱ्याला वाटतं, इथे घेतलेला नोड सोडायचा राहिलाय. तो सद्हेतूने एक 'पुट' जोडतो आणि निरुपद्रवी कोडमध्ये दुहेरी सोडणूक घुसते. म्हणून अनुभवी मेंटेनर गळती बुजवणाऱ्या पॅचकडे अधिक संशयाने पाहतात. कॉक्सिनेलसारखं कोड तपासणारं साधन 'गेट'ला जोडीदार 'पुट' नाही एवढं दाखवतं. तो जोडीदार दुसऱ्या फाइलीत, उपकरण काढतानाच्या कोडमध्ये असू शकतो, हे माणसाने पाहायचं. गळती उरली तर मेमरी जाते. चुकीचा 'पुट' लागला तर यंत्र जातं.

आणि आकडा चुकलाय हे कळल्यावर कोणी चुकवला ते शोधायचं कसं? कंटेनर चालवणाऱ्यांना एक ओळ पाठ असते: अमुक नेटवर्क उपकरण मोकळं होण्याची वाट पाहतोय, वापर-संख्या एक. ती दर थोड्या सेकंदांनी लॉगमध्ये येत राहते. उधारीच्या वहीत बेरीज तेवढी लिहावी आणि गिऱ्हाइकांची नावं लिहूच नयेत, तशातली ही गत. एरिक ड्युमाझे यांच्या 'रेफ-ट्रॅकर'ने २०२२ च्या ५.१७ मध्ये नावं लिहायला सुरुवात केली: प्रत्येक 'गेट' कोणत्या फंक्शनमधून झाला त्याची नोंद ठेवायची आणि सोडताना तीच नोंद खोडायची. हे महाग आहे, म्हणून ते चाचणीच्या कर्नलमध्ये चालू करतात. पण वर्षानुवर्षं न सापडणारी गळती त्याने नावानिशी पकडून दिली, हे पैसे वसूल होण्यासारखंच.

एक रोग मात्र मोजणीने बराच होत नाही. दोन वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलं तर दोन्ही आकडे कधीच शून्य होणार नाहीत. कर्नल लिहिणारे अशी वर्तुळं सहसा होऊ देत नाहीत. पण युनिक्स सॉकेटमधून उघडी फाइल दुसऱ्या प्रोसेसला पाठवता येते, अगदी सॉकेटमधून सॉकेटसुद्धा, त्यामुळे वर्तुळ तयार करणं वापरकर्त्याच्या हातात आहे. म्हणून सी भाषेतल्या या कर्नलमध्ये फक्त त्या सॉकेटांसाठी एक छोटा गार्बेज कलेक्टर आहे. २०२४ मध्ये तो नव्याने लिहिला गेला.

अलीकडचा बदल भाषेच्या बाजूने येतोय. २०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून सी मधल्या चलाला 'व्याप्ती संपली की हे फंक्शन चालव' असं सांगून ठेवता येतं. मग मधूनच परतलं तरी 'पुट' कंपायलर करतो. डिव्हाइस-ट्रीच्या उपनोडांवरून फिरताना मध्येच थांबलं की हातातला नोड गळायचा; त्या फेरीचीही अशी सुरक्षित आवृत्ती २०२४ मध्ये आली. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नलमध्ये शिरलेल्या रस्ट भाषेत हे मुळातच आहे. पण रस्टची वस्तू सी मधल्या वस्तूला हात लावते तिथे मोजणी कोणाकडे हे माणसालाच लिहावं लागतं, आणि ते चुकलं तर रस्टही वाचवत नाही. जुने ड्रायव्हर तर कोणी या नव्या पद्धतीने घाईने लिहून काढू नयेत. चालणाऱ्या कोडची मोजणी हलवणं हाच बग आणण्याचा सोपा मार्ग आहे.

तुमच्या लिनक्स यंत्रावर कर्नलचा लॉग उघडून त्यात 'रेफकाउंट-टी' शोधून पाहा. काही सापडलं तर तो इशारा दुर्लक्षू नका. त्याखाली छापलेल्या फंक्शनांच्या यादीसकट त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरला कळवा. पुढच्या आठवड्यात आरसीयू पाहू: वाचणाऱ्याने आकड्याला हातही न लावता वस्तू जिवंत ठेवण्याची पद्धत.