बालवाडीतील पहिले वर्ष आणि मुलांची दुखणी

मूल बालवाडीत जाऊ लागले की पंधरा दिवसांच्या आत त्याला सर्दी होते. ती बरी होते न होते तोच खोकला लागतो, मग ताप, मग जुलाब. दिवाळीपर्यंत घरातील वडीलधारी मंडळी म्हणू लागतात, "तेथे घातल्यापासून पोर नुसते वाळत चालले आहे; काढून घ्या झाले!" आणि पुष्कळदा ते मूल खरोखरच काढले जाते. डभोईतील आमच्या मराठी घरांतून हे बोलणे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ह्या स्मरणिकेत दोन शब्द लिहिण्याची संधी मिळताच हाच विषय घ्यावा असे आम्हांस वाटले. मूल वारंवार आजारी पडते याचा अर्थ काय, केव्हा निश्चिंत राहावे, केव्हा धावपळ करावी आणि आईबाप, बालवाडी व शेजार यांनी एकमेकांस कसे सांभाळून घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम कारण पाहू. आईकडून मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत सरत जाते. पुढची शक्ती मुलाला स्वतः कमवावी लागते, आणि ती एकेका रोगजंतूशी गाठ पडूनच कमावली जाते. सर्दी हा एकच रोग नसून ती आणणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. एकाची ओळख झाली म्हणून दुसरा थांबत नाही. म्हणून पाच वर्षांखालील मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे ही नेहमीची गोष्ट समजतात. बालवाडीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिल्या वर्षी हा आकडा दहा-बारापर्यंतही जातो. एक सर्दी सात ते दहा दिवस टिकते आणि मागचा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. आता आपणच हिशेब करावा. आषाढापासून फाल्गुनापर्यंतच्या आठ-नऊ महिन्यांत आठ सर्द्या झाल्या, तर निदान दोन महिने त्या मुलाचे नाक वाहतच राहणार! ही मुलाची अशक्तता नव्हे आणि बालवाडीचा दोषही नव्हे.

पूर्वी असे होत नसे काय? होत असे, पण निराळ्या रीतीने. हिरा भागोळीपासून वडोदरी भागोळीपर्यंत पसरलेल्या ह्या गावात एकेका वाड्यात चार भावांचा संसार एकत्र नांदत असे. चुलतभावंडांचे पडसे, गोवर, कांजिण्या मुलाला घरातच, अंगणातच भेटत. आज घरे लहान झाली, पुष्कळ घरांतून आई आणि बाप दोघेही सकाळी बसने किंवा रेल्वेने वडोदऱ्यास कामाला जातात, आणि मुलाची दहा-वीस मुलांशी पहिली गाठ बालवाडीतच पडते. जे दुखणे वाड्यात सावकाश येई, ते बालवाडीत एकदम येते, एवढाच फरक.

ह्याला आधारही आहे. अमेरिकेतील टूसान येथे जन्मापासून वर्षानुवर्षे मुलांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. पुष्कळ मुले असलेल्या पाळणाघरांत वाढलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात सर्दी अधिक वेळा झाली, पण सहा ते अकरा वर्षांच्या शाळकरी वयात तीच मुले इतरांहून कमी आजारी पडली. तेराव्या वर्षाच्या सुमारास दोघांतील फरक नाहीसा झाला. तात्पर्य असे की, हे कर्ज आज ना उद्या फेडावयाचे असते. बालवाडीतून काढलेले मूल ते पुढे पहिलीच्या वर्गात फेडते, आणि त्या वेळी बुडतो तो अभ्यास.

परंतु "सर्वांना होते" असे म्हणून स्वस्थ बसणेही बरे नव्हे. काही खुणा प्रत्येक घरात पाठ असाव्यात. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून घड्याळ लावून पुरता एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मुलाने काहीच न पिणे, प्यालेले सर्व ओकून टाकणे, झटके येणे, हाक मारली तरी गुंगीतच पडून राहणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वर्षात दोन वेळा न्यूमोनिया झाला, वजन वाढेनासे झाले, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला आणि घरात कोणास क्षय असला, तर मुलाची नीट तपासणी करून घेतलीच पाहिजे. दृष्ट काढण्यास आमची हरकत नाही, पण मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात रात्र घालवू नये.

औषधांविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, कारण ते औषध विषाणूंना मारीत नाही. "जरा जोरदार औषध द्या," असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नये. खोकल्याच्या गोड औषधाची बाटली तर दुकानातून आपल्या मनाने आणूच नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, ही गोष्ट अजून ताजी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने कळविले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा योग्य नव्हेत. कोमट पाणी, वरणाचे पाणी, अंगावर पिणाऱ्यास आईचे दूध, आणि एक वर्ष पुरे झालेल्या मुलास चमचाभर मध एवढे पुरे होते. वर्षाच्या आतील मुलास मात्र मध चाटवू नये. आजारात जेवण तोडू नये. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा भरवावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणे वाढवावे. "वाळत चाललेले" मूल पुष्कळदा दुखण्याने नव्हे, तर दुखण्यातील उपासाने वाळते.

जुलाबांचेही तसेच. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व मीठ योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी रोग्यांना पाजविले. शेकडा तीसच्या घरातील मृत्यू शेकडा तीन-चारवर आले. तेच आजचे ओ.आर.एस. होय. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच, म्हणजे बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यात सगळी पुडी एकदम विरघळवावी; अर्धी पुडी, अर्धा पेला असे अंदाजाचे काम करू नये. प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजावे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. मूल पिवळट, सुस्त, डोळे खोल गेलेले दिसले किंवा शौचावाटे रक्त पडले, तर पुडीवर विसंबू नये.

आता नाजूक प्रश्नाकडे वळू. कोणत्या दिवशी मूल घरी ठेवावे? नुसते नाक वाहते आहे, पण मूल खेळते, खाते आहे, तर पाठविण्यास हरकत नाही. ताप असेल तर, औषधावाचून ताप नसलेले पुरते चोवीस तास गेल्यावरच पाठवावे. जुलाब, उलट्या थांबून एक दिवस जावा. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, आणि गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल घरीच असावे. पण हे नियम लिहिणे सोपे, पाळणे कठीण. ज्या आईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, ती काय करते? सकाळी मुलाला पॅरासिटामॉल पाजते, अंग गार झाले की बालवाडीत सोडते आणि वडोदऱ्याची बस धरते. अकराच्या सुमारास औषध उतरते, ताप पुन्हा चढतो, आणि मूल कोपऱ्यात भिंतीला टेकून बसते. अशी आई बेफिकीर असते असे आम्हांस वाटत नाही. तिच्यापुढे दुसरी वाट नसते. तिला चारचौघांत बोलून काही साधत नाही. उलट पुढच्या वेळी ती आणखी लपविते. येथे कामास येतो तो शेजार. तीन-चार घरांनी आपसांत आधीच ठरवून ठेवावे की, कोणाचे मूल तापले तर कोणाची आजी, कोणाची काकू त्या दिवशी त्याला सांभाळील. वाडे गेले, पण वाड्याचा हा एक गुण आपण राखू शकतो. आमच्या मते ह्या लेखातील सर्वांत मोठे औषध हेच होय.

बालवाडीकडूनही अपेक्षा आहेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात बालशिक्षणाचे काम एकत्र केले. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले आणि अंगणवाडीची कल्पना रुजविली. त्यांच्या कामात मुलांची स्वच्छता शिक्षणाहून वेगळी मानली जात नसे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात अंगणवाड्यांची सरकारी योजना निघाली, तेव्हा गुजरातेत तिचा आरंभ आपल्या शेजारच्या छोटा उदेपुरातच झाला. तो भाग त्या वेळी वडोदरा जिल्ह्यातच होता. ह्या परंपरेला शोभेल अशी साधी शिस्त पुरे: खाऊपूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात, पाणी काढण्यास लांब दांड्याचे भांडे, प्रत्येकाचा पेला व रुमाल वेगळा, उघड्या खिडक्या, आणि खेळणी आठवड्यातून धुतलेली. साबणाने हात धुण्याची सवय लागली की जुलाब सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटतात, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. ममता कार्डावरील लशी वेळच्या वेळी टोचून घेणे हे मात्र आईबापांचे काम. गोवर, न्यूमोनिया आणि रोटाव्हायरसचे जुलाब यांच्याविरुद्धच्या लशी त्यात आहेत.

एक गोष्ट खास आपल्या मराठी घरांसाठी. आपले मूल घरी "पोट दुखतंय" म्हणते. बालवाडीतील बेनला ते कळेलच असे नाही, आणि "पेटमां दुखे छे" म्हणावयास ते अजून शिकलेले नसते. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाचे "शी", "शू", "बाऊ" असे दहा-बारा शब्द बेनला आणि तेडागर बहेनला सांगून ठेवावेत. ज्या मुलाला आपले दुखणे सांगता येते, त्याचे दुखणे लवकर सापडते.

बालवाडीतील पहिले वर्ष कष्टाचे जाते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या वर्षात मूल केवळ आजारीच पडत नाही. ते रांगेत उभे राहावयास, वाटून खावयास आणि दुसऱ्या भाषेत मैत्री करावयास शिकते. तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती एवढीच की, "काढून घ्या" म्हणण्याआधी त्यांनी "आज मी सांभाळतो" असे एकदा म्हणून पाहावे. पुढच्या पावसाळ्यात तेच मूल भिजून घरी येईल आणि खाकरेल देखील. पण एव्हाना त्याच्या गाठीशी काही शिदोरी जमलेली असेल.