मुंग्या, विसराळूपणा आणि काठावरची साखर

हातापायांना मुंग्या, तळपायांची आग व विसराळूपणा अशा तक्रारी घेऊन कॅम्प ४ परिसरातील रुग्ण आमच्याकडे येतात. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, म्हणजे मधुमेहाच्या काठावर, आढळली की सारा दोष तिच्या माथी मारला जातो. अशी साखरही नसांना इजा करू शकते. तथापि तपास तेथेच थांबवणे धोक्याचे आहे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही हीच लक्षणे उद्भवतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले. शाकाहारात ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते. साखरेसाठी दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिननेही ते घटू शकते. वेळीच उपचार न झाल्यास नसांची हानी कायम राहू शकते, आणि शिलाई यंत्रावर बसणाऱ्याची बोटे बधिर झाली की घराची मिळकतच थांबते. म्हणून कुटुंबीयांनी ब-१२ व थायरॉईडच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. चालू औषध मात्र परस्पर बंद करू नये. ऐपत नसलेल्या रुग्णांची ही तपासणी पैशांवाचून अडू नये, याकरिता देणगीदारांचे साहाय्य आम्हांस मोलाचे वाटते.