लघु व मध्यम उद्योगांतील नेतृत्वाच्या सवयी : किर्लोस्करवाडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

लघु व मध्यम उद्योगांच्या अडचणींची चर्चा सामान्यतः भांडवल, बाजारपेठ, वीज आणि कच्चा माल या चार बाबींभोवती फिरते. या अडचणी खऱ्या आहेत. तथापि एकाच औद्योगिक वसाहतीत, जवळजवळ सारख्याच भांडवलावर काम करणाऱ्या दोन कारखान्यांपैकी एक टिकतो आणि दुसरा बंद पडतो, तेव्हा त्याचे कारण या चार बाबींच्या पलीकडे शोधावे लागते. अनेकदा ते मालकाच्या रोजच्या कामाच्या पद्धतीत सापडते. मोठ्या कंपनीत नियमावली असते, स्वतंत्र विभाग असतात आणि संचालक मंडळाचे नियंत्रण असते. लहान कारखान्यात मालक हिशेब कधी पाहतो, फोरमनशी कसा बोलतो, चूक झाल्याचे कळल्यावर काय करतो, हीच नियमावली ठरते. मालकाची सवय ही हळूहळू संपूर्ण संस्थेची कार्यपद्धती बनते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने नेतृत्वाच्या काही सवयींचे विवेचन केले आहे.

संकल्पना :

नेतृत्वगुण आणि नेतृत्वाची सवय यांत फरक आहे. गुण हा स्वभावाचा भाग मानला जातो. सवय म्हणजे ठराविक प्रसंगी नियमितपणे घडणारी कृती होय, आणि ती अभ्यासाने लावता येते. पीटर ड्रकर यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' या ग्रंथात परिणामकारकता ही जन्मजात देणगी नसून सरावाने अंगी बाणणारी सवय आहे, अशी मांडणी केली. आपला वेळ कोठे जातो याची नोंद ठेवणे आणि सहकाऱ्यांच्या उणिवांपेक्षा बलस्थानांवर काम उभे करणे, या गोष्टींना त्यांनी त्यात महत्त्वाचे स्थान दिले.

हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. त्यावर आधारित ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. या अधिकाऱ्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळात संपत होती. व्यवस्थापक शांतपणे बसून नियोजन करतो, या पाठ्यपुस्तकी समजुतीला त्यामुळे धक्का बसला. जेथे खरेदी, विक्री, उत्पादन आणि वसुली हे सारे एकाच व्यक्तीकडे असते, तेथे हे तुकडे आणखी लहान होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच मोठ्या संकल्पांपेक्षा ठरलेल्या लहान सवयी अशा उद्योजकाला अधिक उपयोगी पडतात.

वाढ आणि सवयींतील बदल :

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित व्याख्येनुसार लघु उद्योगाची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असू शकते. मध्यम उद्योगासाठी या मर्यादा अनुक्रमे १२५ कोटी व ५०० कोटी रुपये आहेत. कायद्याच्या दृष्टीने हे केवळ आकडे आहेत. मालकाच्या दृष्टीने मात्र पाच कामगारांच्या शेडपासून दोनशे कामगारांच्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास एकाच आयुष्यात घडू शकतो.

लॅरी ग्रायनर यांनी १९७२ साली संस्थेच्या वाढीचे टप्पे मांडताना एक मूलभूत निरीक्षण नोंदवले. ज्या पद्धतीमुळे एका टप्प्यात यश मिळते, तीच पुढच्या टप्प्यात अडथळा ठरते. आरंभी मालकाचे सर्वत्र लक्ष असणे ही उद्योगाची शक्ती असते. पुढे कामगार वाढतात, यंत्रे वाढतात, परंतु निर्णय पूर्वीप्रमाणे एकाच टेबलावर येत राहतात. साचा बदलायचा आहे, मालक बाहेरगावी आहेत. कच्च्या मालाचा दर आज ठरवायचा आहे, मालकांचा फोन लागत नाही. अशा प्रसंगी यंत्र थांबते. जाणकार माणसे जबाबदारी न मिळाल्याने सोडून जातात. मालकाचे आजारपण हे मग कारखान्याचेच आजारपण ठरते.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण :

या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्या उद्योगाचा आरंभकाळ अभ्यसनीय आहे. किर्लोस्कर समूह पुढे मोठा झाला, परंतु त्याची पहिली दोन-तीन दशके ही आजच्या अर्थाने लहान उद्योगाचीच होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापनाची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावी आले. तेथील सायकलच्या दुकानापासून ते कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांकडे वळले. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. आरंभी सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे तेथे राहावयास गेली.

या वसाहतीत कोणाच्या हाती कोणते काम सोपवले गेले, हे पाहण्यासारखे आहे. शाळेतील शिक्षण पूर्ण न झालेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून पुढे आले. परीक्षांत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाची अनेक कामे पाहू लागले. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब होता. दरोडेखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांच्याकडे राखणदारी देण्यात आली. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. ग्राहक व विक्रेते यांच्याशी संपर्क ठेवणाऱ्या या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' मासिकात रूपांतर झाले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ साली अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. नेतृत्वाची पुढील पिढी अशा रीतीने वेळेवर तयार झाली होती.

प्रमुख सवयी :

वरील विवेचनावरून आजच्या उद्योजकासाठी चार सवयी सांगता येतील.

१) ग्राहकापर्यंत स्वतः पोहोचणे : शेतकऱ्याची भीती समजल्यावाचून नांगर विकला गेला नसता. परत आलेला माल आणि आलेली तक्रार मालकाने ठराविक दिवशी स्वतः पाहावी. विक्री प्रतिनिधीच्या अहवालातून तक्रारीचा आकडा कळतो, कारण कळेलच असे नाही.

२) येणे-देणे दर आठवड्यास पाहणे : अनेक लहान कारखाने नफ्यात असूनही रोख रकमेअभावी अडचणीत येतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. परंतु कोणते बिल ४५ दिवसांच्या पुढे गेले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या तरतुदीचा उपयोग होत नाही. कायद्याचे संरक्षण मिळवण्यासाठीही हिशेब पाहण्याची सवय लागते.

३) वाईट बातमी शांतपणे ऐकणे : ओतकामात दोष आढळला आणि तो सांगणाऱ्यावरच मालक संतापला, तर पुढील दोष थेट ग्राहकाकडे जाऊन उघड होतो. 'कोणाची चूक' यापूर्वी 'काय घडले' हा प्रश्न विचारण्याची सवय म्हणूनच गुणवत्ता नियंत्रणाचा पाया आहे.

४) निर्णय सोपवणे : ही सर्वांत कठीण सवय होय. काम सोपवणे आणि निर्णय सोपवणे यांत अंतर आहे. फोरमनला काम देऊन प्रत्येक टप्प्यावर विचारणा केल्यास निर्णय मालकाकडेच राहतो. यासाठी किती रकमेपर्यंतची खरेदी, किती दिवसांपर्यंतची रजा आणि कोणत्या प्रकारचा दुरुस्ती खर्च कोणी मंजूर करावयाचा, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. सोपवलेला निर्णय चुकला तरी तो लगेच काढून घेऊ नये. आठवड्याच्या बैठकीत त्याची चर्चा करावी. मालक वर्षातून काही दिवस कारखान्यापासून दूर राहिला असता कोणती कामे अडली, याची यादी हीच या सवयीची खरी परीक्षा होय.

मर्यादा :

एका यशस्वी उद्योगाच्या उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढताना सावधगिरी बाळगली पाहिजे. किर्लोस्करवाडीला संस्थानिकाचा आश्रय लाभला होता. तो प्रत्येक उद्योजकास मिळत नाही. याच सवयी असूनही प्रतिकूल बाजारपेठेमुळे बंद पडलेल्या कारखान्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. शिवाय कुटुंबप्रमुखाच्या भूमिकेतून चालणारे नेतृत्व आपुलकीचे असले, तरी त्यात कामगाराला प्रश्न विचारण्यास वाव राहतोच असे नाही. सवयी चांगल्या असल्या म्हणजे यश निश्चित मिळते, असा दावा येथे नाही. मात्र त्यांच्या अभावी मिळालेले यशही टिकवणे कठीण जाते.

समारोप :

लघु उद्योगाच्या स्थैर्यावर केवळ मालकाचे नव्हे, तर कामगार, जॉबवर्क करणारे कारागीर व त्यांची कुटुंबे यांचेही जीवन अवलंबून असते. म्हणून मालकाची सवय ही त्याची खाजगी बाब राहत नाही. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या वर्गांत नेतृत्वाचे सिद्धांत शिकवले जातात. त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी परिसरातील एखाद्या कारखान्यात मालकाच्या आठवड्याच्या वेळेची नोंद घ्यावी आणि कोणते निर्णय त्याच्याशिवाय होऊ शकतात याची यादी करावी, असा प्रकल्प देता येईल. विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या घरचाच उद्योग सांभाळणार असतात. आपल्या अनुपस्थितीतही नीट चालेल असा कारखाना उभा करणे हे नेतृत्वाचे अंतिम उद्दिष्ट आहे, ही जाणीव त्यांना पदवीपूर्वीच झाल्यास अभ्यासक्रमाचे सार्थक होईल.