वाट टिकली म्हणून चाक परतलं

पॅरिसच्या नैर्ऋत्येला इव्हेत नावाची नदी आहे. लांबी जेमतेम ३९ किलोमीटर. गोदाकाठचा माणूस तिला ओढा म्हणेल. पण तिचं वरचं खोरं, म्हणजे शेव्रूझचं खोरं, पॅरिसच्या सायकलवाल्यांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत इतकं तुडवलं आहे की फ्रान्समधल्या सायकलीची कहाणी तिथल्या रस्त्यांवरून सांगता यावी. राजधानीची आरईआर ‘बी’ ही लोकल सँ-रेमी-ले-शेव्रूझला संपते. रविवारी सकाळी तिच्या डब्यांतून जाड टायरांच्या, वाकड्या हँडलच्या सायकली उतरतात आणि पहिल्या संधीला डांबर सोडून रानात शिरतात. या ग्रॅव्हल बाइक. हा प्रकार अमेरिकेतून आला, असं विकणारे सांगतात. आमच्या आजोबांनी हेच केलं होतं, असं तिथले जुने सायकलवाले ठणकावतात. दोघांचंही खरं आहे. पण दोघंही बोलतात ते सायकलीबद्दल. ती ज्या वाटेवरून चालते, त्या वाटेचा हिशोब कुणी मांडत नाही.

रेल्वे सँ-रेमीपर्यंत आली १८६७ मध्ये. तेव्हा वेगळा ‘कच्चा रस्ता’ असा नव्हताच, कारण गावाबाहेरचे जवळपास सगळेच रस्ते खडी-मातीचे होते. पॅरिसच्या रस्त्यांवर बसवायचे दगडी चिरे घडवण्यासाठी याच खोऱ्यातल्या सेर्नेजवळच्या टेकड्या फोडल्या जात होत्या. खोऱ्यातला दगड राजधानीत आणि राजधानीतले चित्रकार खोऱ्यात, अशी ये-जा सुरू झाली होती. त्यांच्या मागोमाग सायकलवाले आले. १८९० मध्ये सायकलस्वारांनीच ‘तूरिंग क्लब द फ्राँस’ स्थापन केला. पुढच्या वर्षी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत झाली आणि शार्ल तेराँने ती मिशलँचे काढता-घालता येणारे हवेचे टायर लावून जिंकली. खडबडीत रस्त्यावर हवेची गादी किती उपयोगाची, हे साऱ्या देशाने पाहिलं.

मग डांबर आलं. १९०२ मध्ये डॉ. ग्युलिएल्मिनेत्ती यांनी मोनाकोत धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर डांबर ओतून पाहिलं. शहराजवळचे मोठे रस्ते काळे होत गेले, पण गावांना जोडणाऱ्या वाटा पुढची कित्येक वर्षं मातीच्याच राहिल्या. त्या काळातला सायकलप्रवासी या दोन्हींवरून जाणारा होता. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, आपल्या ‘ल सिक्लिस्त’ मासिकातून बदलत्या गिअरचा आग्रह धरत होते. तूर द फ्रान्सने मात्र गिअर बदलणाऱ्या डिरेलरला १९३७ पर्यंत दाराबाहेर ठेवलं. शर्यतीवाल्यांनी नाकारलेलं प्रवाशांनी उचललं. पॅरिसला लागून असलेल्या लव्हालुआत आलेक्स सिंगर आणि रने एर्स यांच्यासारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाने सायकली बांधत. त्यांतल्या अनेकींना ‘६५०बी’ मापाची चाकं असत आणि त्यांवर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे, मऊ कातडीचे टायर. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि पाठीवर तंबू बांधलेली जोडपी दोघांच्या सायकलवरून शहराबाहेर पडू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षं या कहाणीतली उतरण आहे. घरोघरी मोटार आली. प्रवासी सायकल म्हाताऱ्यांची समजली जाऊ लागली आणि ६५०बी चाक बाजारहाटाच्या सायकलींपुरतं उरलं. खोऱ्यात सायकली होत्याच, पण त्या शर्यतीच्या. टायर एकवीस-बावीस मिलिमीटरचे आणि नजर दाँपिएरजवळच्या सतरा वळणांच्या चढावर. असं टायर खडीवर नेणं म्हणजे पंक्चरला आमंत्रण. डांबराच्या दहा पावलांवर असलेलं जंगल या पिढीच्या सायकलवाल्यांनी फक्त बाजूने जाताना पाहिलं.

त्याच वर्षांत वाटाही जात होत्या. फ्रान्समध्ये शेतजमिनींची मोठी तुकडेजोड झाली. लहान तुकड्यांची मोठी, ट्रॅक्टरला सोयीची शेतं झाली आणि मधल्या पाणंदी नांगराखाली गेल्या. फ्रेंच कायद्याने पाणंद ग्रामपंचायतीच्या मालकीची असते. वापर थांबला की पंचायत ती विकू शकते. वरच्या पठारावर तर भविष्याचीच चाचणी चालू होती. गोमे-ला-व्हिल ते लिमूर या टप्प्यात, रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेच्या बांधावर, इंजिनिअर जाँ बेर्तँ यांनी हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या ‘एअरोट्रेन’साठी काँक्रीटची मार्गिका उभारली. १९६९ मध्ये तिच्यावरून एका नमुन्याने ताशी ४२२ किलोमीटरचा वेग गाठला. १९७४ मध्ये सरकारने प्रकल्प सोडून दिला. आज त्या बांधावरून लोक सायकलने जातात, ताशी पंधराच्या वेगाने, मागच्या खुर्चीत मूल बसवून.

माझ्या मते या कहाणीचं खरं वळण कुठल्याही सायकल कारखान्यात घडलं नाही. ते तीन सरकारी कागदांत आहे. जुलै १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांचा आराखडा करावा असं ठरवलं. आराखड्यातली पाणंद पंचायतीला विकायची किंवा बंद करायची असेल, तर तिच्या बदल्यात चालण्याजोगी दुसरी वाट देणं बंधनकारक झालं. डिसेंबर १९८५ मध्ये शेव्रूझच्या वरच्या खोऱ्याला प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा मिळाला. पॅरिसची उपनगरं आणि नवी शहरं पार काठापर्यंत आली असताना खोरं बांधकामाखाली गेलं नाही, यात या दर्जाचा मोठा वाटा आहे. जानेवारी १९९१ च्या कायद्याने मोटारी आणि मोटारसायकलींना मोकळ्या रानात शिरायला मनाई केली. या तिन्ही निर्णयांच्या वेळी ग्रॅव्हल बाइक कुणाच्या स्वप्नातही नव्हती. चालणारे, घोडेस्वार आणि शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून वाटा राखल्या गेल्या आणि एका पिढीनंतर त्या आयत्या सायकलवाल्यांच्या हाती आल्या.

त्या वाटांवरून गेलं की खोऱ्याची जमीन चाकाखाली कळते. पठारावर चिकणमाती आहे आणि तिच्यात जात्यांसाठी वापरला जाणारा छिद्राळ दगड. पॅरिसच्या उपनगरांतले जुने बंगले याच दगडाचे. पावसाळी हिवाळ्यात ही माती टायर आणि चौकट यांच्यामध्ये गच्च भरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उतारावर बारीक पांढरी वाळू लागते. उन्हाळ्यात ती इतकी भुसभुशीत होते की पुढचं चाक रुततं. तिथे ब्रेक दाबायचा नाही, वजन मागे घ्यायचं आणि पायडल मारत राहायचं. खाली इव्हेतच्या काठाला आलं की शेव्रूझ गावातले छोटे पूल दिसतात. पूर्वी इथे कातडी कमावणाऱ्यांची कामं चालत आणि प्रत्येकाच्या दारी पाणी ओलांडायला आपापला पूल असे. उत्तरेला पोर-रॉयालच्या मठाचे अवशेष आहेत. चौदाव्या लुईने तो १७१० च्या सुमारास पाडायला लावला. नाटककार रासिन तिथल्याच शाळेत शिकला आणि तिथून शेव्रूझकडे येणाऱ्या वाटेला आज त्याचं नाव आहे. दक्षिणेला सेर्नेची घळ, तिच्यात १११८ साली स्थापन झालेला मठ, आता तिथे हॉटेल. पुढे राम्बुयेचं सुमारे १४,००० हेक्टरांचं सरकारी जंगल. राजांच्या शिकारीसाठी काढलेल्या सरळसोट वाटा तिथे ताऱ्यासारख्या एका चौकात येऊन मिळतात. हरणामागे घोडा धावावा म्हणून काढलेली ही रुंद, कठीण वाट जाड टायरला अगदी मानवते.

दरम्यान ते टायर अमेरिकेत वाढत होतं. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत भरू लागली. ग्रॅव्हलच्या लाटेला तिथून जोर आला. त्याच सुमारास सिॲटलमध्ये यान हाइने हे संपादक आपल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’त एर्स आणि सिंगरच्या जुन्या सायकलींचा अभ्यास छापत होते. मऊ कातडीचं रुंद टायर हळू असतं ही समजूत त्यांनी चाचण्यांनी खोडून काढली. त्यांच्या टायर कंपनीचं नाव आज रने एर्स असंच आहे. लव्हालुआचं ६५०बी चाक अमेरिकेला वळसा घालून नव्या नावाने परत आलं, ते डिस्क ब्रेक घेऊन.

शर्यतवाल्यांनीही मग डांबर सोडलं. २०१८ पासून पॅरिस–तूर शर्यत द्राक्षमळ्यांतल्या कच्च्या वाटांवरून जाऊ लागली. २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेतोत पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा झाली आणि महिलांमध्ये ती जिंकली फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होने. पण खोऱ्यातली गर्दी वाढली ती टाळेबंदीमुळे. ११ मे २०२० रोजी फ्रान्समधली पहिली टाळेबंदी शिथिल झाली, तेव्हा घरापासून शंभर किलोमीटरपर्यंत जायची मुभा होती. शेव्रूझ पॅरिसपासून तीसच किलोमीटरवर. कोंडलेल्या शहराला हे जंगल नव्याने सापडलं.

२०२४ च्या ऑलिंपिकची रस्ता शर्यत याच खोऱ्यातून गेली. पुरुषांचं सुवर्ण बेल्जियमच्या रेमको एव्हेनपूलने घेतलं. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आता शर्यत राहिलेली नाही, ती ९० तासांच्या मुदतीत पुरी करायची दीर्घयात्रा झाली आहे. २०१९ आणि २०२३ मध्ये ती राम्बुयेहून निघाली. पुण्या-मुंबईत ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या पात्रताफेऱ्या, पूर्ण करून पात्र ठरलेले आपले सायकलपटू तेव्हा तिथे होते. त्यांच्या रस्त्याला जंगलातल्या वाटा फुटत होत्या, पण घड्याळ हाकत असताना तिकडे वळणार कोण?

आता प्रश्न उलटा झाला आहे. कालपर्यंत वापराअभावी वाटा मरत होत्या, आज काही वाटा वापराने झिजतात. ओल्या मातीत शंभर टायर गेले की चर पडतो आणि पुढच्या पावसात त्याचा ओहोळ होतो. अरुंद पायवाटेवर चालणारा आणि सायकलवाला समोरासमोर आले की चालणाऱ्याचा मान पहिला, हा नियम सगळेच पाळतात असं नाही. शरद ऋतूत हरणांचा माज आणि शिकारीचा हंगाम एकदमच येतात. ‘शिकार चालू आहे’ अशी पाटी दिसली की मुकाट्याने वळायचं असतं. जिल्ह्याचे आराखडे, उद्यान आणि वनखातं यांच्या जोरावर वाटा इथवर आल्या. त्यांच्या बैठकांत चालणारे आणि घोडेस्वार चाळीस वर्षं चिकाटीने बसत आले. जाड टायरवाल्यांनी आता तिथे आपली खुर्ची ओढायला हवी. पायडल मारण्याइतकं ते काम रमणीय नाही. पण ज्या वाटेवर रविवार घालवायचा, तिच्यासाठी वर्षातली एखादी संध्याकाळ सभागृहात घालवणं हा सौदा स्वस्तच म्हणायचा.